उजवा हात प्लास्टरमध्ये, काम डाव्या हातावर: काय घेतलं, काय उपयोगी पडलं

जुलैमध्ये बिल्डिंगच्या जिन्यात घसरले. पायऱ्या ओल्या होत्या, डाव्या हातात भाजीची पिशवी, आणि पडताना माणूस जसा आपोआप हात पुढे टेकवतो तसा मी उजवा टेकवला. एक्सरे बघून डॉक्टर म्हणाले कोलीज फ्रॅक्चर, म्हणजे मनगटाजवळ हाताचं हाड मोडलं. हात पुढे करून पडणाऱ्यांचं हेच हाड जास्त मोडतं म्हणे, ज्या डॉक्टरांचं नाव त्याला आहे त्यांनी १८१४ साली डब्लिनमध्ये त्याचं वर्णन करून ठेवलंय, हे मी नंतर वाचलं, कारण दुसरं काही करताच येत नव्हतं. सहा आठवडे प्लास्टर, कोपराच्या खालपासून तळव्यापर्यंत, बोटं तेवढी मोकळी. हात छातीच्या वर ठेवायचा, बोटं हलवत राहायची, वजन काहीही उचलायचं नाही.

मी घरून भाषांतराचं काम करते, इंग्रजीतून मराठीत. विमा पॉलिसी, बँकेची माहितीपत्रकं, औषधांच्या खोक्यातले कागद. पैसे शब्दावर मिळतात. पगारी रजा नावाची गोष्ट आमच्यात नसते आणि दोन कामं आधीच घेऊन ठेवली होती, म्हणून सहा आठवडे नुसतं बसणं शक्यच नव्हतं. त्या काळात जी काही खरेदी केली, काही चुकीची, काही फार उपयोगी, ती सगळी इथे लिहितेय, कारण मला हवी तेव्हा मराठीत टाइप करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने लिहिलेली अशी माहिती कुठेच मिळाली नाही.

सगळ्यात आधी कीबोर्डबद्दल, कारण मूळ अडचण तिथेच आहे. मी इन्स्क्रिप्टने टाइप करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. मधल्या ओळीत डावीकडे ओ, ए, हलन्त, इ, उ, आणि उजवीकडे प, र, क, त, च, ट. खालच्या ओळीतले म, न, व तेवढे डाव्या हाताकडे येतात. रचना फार सुंदर आहे, दोन्ही हात एकाआड एक चालतात, मी वीस वर्षं त्यावर न बघता टाइप करतेय. पण उजवा हात गेला की बहुतेक व्यंजनंच जातात. मात्रा आहेत आणि अक्षरं नाहीत अशी अवस्था. डावा हात सारखा उजवीकडे धाव घेतो, आणि ख, थ, ध, भ, ळ, श अशा अक्षरांना शिफ्ट लागते ते वेगळंच. एका हाताने शिफ्ट धरून पलीकडचा के दाबून बघा, करंगळी आणि तर्जनी किती ताणली जाते ते कळेल.

याला उपाय फुकट आहे आणि तो मला चौथ्या दिवशी सापडला. विंडोजमध्ये स्टिकी कीज म्हणून सोय आहे, शिफ्ट पाच वेळा दाबली की विचारते चालू करू का. चालू केली की शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, दाबून सोडायची आणि मग के दाबायचा, ख येतो. कंट्रोलचंही तसंच, कंट्रोल दाबा, सोडा, सी दाबा, कॉपी झालं. आजवर चुकून शिफ्ट दाबली गेली की ती खिडकी यायची आणि मी वैतागून बंद करायचे. आता ती कोणासाठी आहे ते कळलं. काहीही विकत घेण्याआधी हे करा.

तर पहिल्या दहा दिवसांत मी लॅपटॉपचा नाद सोडून फोनवरच काम करत होते. फोन डाव्या हातात धरायचा आणि डाव्याच अंगठ्याने टाइप करायचं, पान-पान. वाटलं जमतंय की. अकराव्या दिवशी डाव्या अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे अशी कळ आली की चहाचा कप उचलेना. डॉक्टरांनी अंगठा मुठीत घ्यायला सांगितला आणि मूठ करंगळीच्या बाजूला वाकवली, मी ओरडलेच. डी क्वेर्व्हेन म्हणाले, अंगठ्याच्या कंडरांच्या, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या, आवरणाला सूज. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझी पुढची सगळी खरेदी ठरली. म्हणाले, मोडलेल्या हाताची काळजी तुम्ही घेताय, त्याला प्लास्टर आहे, तो सुरक्षित आहे, पण दोन हातांचं काम एकटा करणारा जो आहे त्याच्याकडे तुमचं लक्षच नाही.

हे मनावर घ्या. असा अपघात झाला की आपण दुखऱ्या हातासाठी काय मिळतं ते शोधत बसतो. खर्च करायचा तो धडधाकट हातासाठी. त्याला कमी हलावं लागेल, कमी ताणावं लागेल, कमी क्लिक करावे लागतील, असं जे असेल ते घ्यायचं. मी ऑनलाइन शोधताना नेमकं हे न समजून घेता एक उभा माऊस मागवला होता, हस्तांदोलन करतो तसा धरायचा असतो तो. वर्णनात दोन्ही हातांसाठी असं लिहिलेलं, आला तो फक्त उजव्या हाताचा. परत घ्यायला तीनदा तारीख दिली, तिन्ही वेळा कोणी आलं नाही, चौथ्यांदा मुदत संपली म्हणाले. बाराशे रुपये अडकले. विक्रेत्याचं नाव देत नाही, मुद्दा एवढाच की बाजारातले बहुतेक उभे माऊस उजव्या हाताचेच असतात, डाव्यासाठी हवा असेल तर वेगळं मॉडेल शोधावं लागतं. लॉजिटेक कंपनीच्या 'लिफ्ट' नावाच्या उभ्या माऊसमध्ये डाव्या हाताचा वेगळा निघतो, तसं नावात स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, फोटोवर जाऊ नका. अंगठ्याने फिरवायचे ट्रॅकबॉल येतात, म्हणजे माऊस जागीच राहतो आणि त्यावरचा गोळा फिरवायचा, लॉजिटेकचा अर्गो एम५७५ वगैरे, तेही उजव्याच हाताचे. आणि माझा तर अंगठाच गेलेला.

मग ठरवलं की दुकानात जाऊन हात लावून बघितल्याशिवाय काही घ्यायचं नाही. नवऱ्याने अर्धा दिवस रजा टाकली आणि आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. डोंबिवलीहून दादर, दादरहून स्लो गाडीने ग्रँट रोड, साडेअकरानंतरची गाडी पकडली, गळ्यात झोळी बघून बायकांनी जागाही दिली. या रस्त्याचं पाटीवरचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. दोनचार मोठ्या दुकानांत विचारलं. डाव्या हाताचा माऊस म्हटलं की साधा माऊस पुढे ठेवायचे, बटण उलटं करून घ्या म्हणायचे. चुकीचं नाही ते, साधा माऊस दोन्ही हातांना चालतो आणि सेटिंगमध्ये मुख्य बटण उजवं करता येतं, पण मनगट तसंच सारखं हलत राहतं.

ज्या दुकानात शेवटी सगळं घेतलं ते एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावर आहे, लाकडी जिना, आत जेमतेम चार माणसं उभी राहतील एवढी जागा. काउंटरवर पंचविशीचा मुलगा होता, मला बघितल्यावर त्याने आधी स्टूल पुढे केलं आणि विचारलं, ताई, प्लास्टर कधी निघणार? मी म्हटलं अजून चार आठवडे. मग, कोणतं सॉफ्टवेअर वापरता, दिवसाचे तास किती, टेबल कसलंय? एवढं विचारून झाल्यावर त्याने कपाटातून तीन वस्तू काढल्या, आणि डेमोच्या कॉम्प्युटरला एकेक लावून म्हणाला, पाच पाच मिनिटं चालवा, मी चहा सांगतो. मला या माणसाबद्दल फार आदर वाटला. सर्व्हिस कशाला म्हणतात ते हेच, तुमच्या हातात काय आहे ते बघून मग कपाट उघडणं.

तिसरी वस्तू लावली आणि मी तिथेच थांबले. केन्सिंग्टनचा एक्स्पर्ट माऊस. नावात माऊस आहे पण आहे ट्रॅकबॉल. ५५ मिलिमीटरचा गोळा, लिंबाएवढा म्हणा, मधोमध बसलेला, त्याच्याभोवती स्क्रोल करायला फिरणारी रिंग, आणि चार कोपऱ्यांना चार बटणं. दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे डावा-उजवा असा प्रश्नच नाही. हात जागचा हलत नाही. तळवा पुढच्या गादीवर टेकवायचा आणि मधल्या दोन बोटांनी गोळा फिरवायचा, अंगठ्याला काम फक्त बटण दाबायचं, आणि तेही सॉफ्टवेअरमधून दुसऱ्या बटणाला देता येतं. मी मुख्य क्लिक वरच्या डाव्या बटणाला दिला, म्हणजे करंगळीकडचं बोट दाबतं आणि अंगठा आरामात बसतो. चार बटणांपैकी एकाला डबल क्लिक दिला, एकाला कॉपी. भाषांतरात दिवसातून किती वेळा शब्द निवडून डबल क्लिक करतो आपण, त्याचा हिशेब नाही.

सवय व्हायला मला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी बाण स्क्रीनच्या बाहेरच जायचा, दुसऱ्या दिवशी वेग कमी केला, चौथ्या दिवसापासून मी विसरले की हा वेगळा काही आहे. किंमत आठ-दहा हजारांच्या घरात, माऊसला एवढे पैसे असं घरात सगळ्यांनाच वाटलं, मलाही वाटलं. पण दोन आठवड्यांत अंगठ्याची कळ निम्म्यावर आली, अर्थात डॉक्टरांनी दिलेला पट्टा आणि बर्फाचा शेकही त्यात होता, ते विसरून चालणार नाही. एक गोष्ट कुठल्याही ट्रॅकबॉलला करावी लागते, गोळा बाहेर काढून आतल्या तीन टेकूंवर साचलेली मळी पुसायची. बोटांचं तेल आणि धूळ मिळून करड्या रंगाची बारीक गुठळी होते, ती असली की गोळा अडकत अडकत फिरतो. आठवड्यातून एकदा, कापूस फिरवला की काम झालं. एका हाताने सहज होतं, गोळा उचलला की येतो.

त्याच मुलाने लॅपटॉपही बघितला. २०१९चा आहे, आय-फाइव्ह आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. चालू व्हायला तीन मिनिटं. दोन हात असताना तीन मिनिटांत मी चहा टाकायचे, त्यामुळे कधी जाणवलं नव्हतं. एका हाताने काम करताना मशीनने अडवलं की जीव जातो, कारण तुम्ही आधीच हळू झालेले असता. मी नवीन लॅपटॉपच बघत होते खरं तर, विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार होता आणि मला वाटत होतं हा लॅपटॉप गेलाच. तो म्हणाला, नको ताई, आठव्या पिढीपासून विंडोज ११ चालतं, आणि आत एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कची, मोकळी जागा आहे. मागचं झाकण काढून दाखवलीच. ५१२ जीबीची एनव्हीएमई प्रकारची एसएसडी टाकली, ८ जीबी रॅम वाढवून १६ केली, जुनी डिस्क बॅकअपसाठी तशीच ठेवली. सगळा डेटा, माझे शब्दकोश, गेल्या दहा वर्षांच्या भाषांतर-स्मृती (आधी भाषांतर केलेल्या वाक्यांचा साठा), जसंच्या तसं नवीन डिस्कवर आलं, मी लॅपटॉप ठेवून आले आणि नवरा दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना घेऊन आला. आता अर्ध्या मिनिटाच्या आत चालू होतो. बिलावर दोन्ही पार्टचे सिरियल नंबर लिहून दिले, १८ टक्के जीएसटी लावून रीतसर बिल, मागावं लागलं नाही. रॅमचे भाव नंतर फार चढले, तेव्हा घेतली हे बरं झालं. नवीन लॅपटॉप विकला असता तर त्याला किती जास्त पैसे मिळाले असते.

मॉनिटरच्या वेळीही तसंच. मी २७ इंची मागत होते, बजेटात बसणारा फुल एचडीचा. त्याने काही न बोलता एक मराठी बातम्यांचं पान आधी २७ इंचीवर उघडलं आणि मग शेजारच्या २४ इंचीवर. रिझोल्यूशन दोन्हींचं सारखंच, पण मोठ्यावर तेच ठिपके ताणले जातात. इंग्रजी अक्षरांत फारसं कळत नाही. मराठीत रफार, अनुस्वार, उकार कुठे चिकटतात ते लगेच दिसतं. 'सर्वांत' मधला रफार आणि अनुस्वार २७ इंचीवर एक डाग दिसत होता, २४ वर दोन वेगळे. मी प्रूफही तपासते, माझ्यासाठी तो डाग म्हणजे चूक सुटणं. २४ इंची घेतला. २७ हवाच असेल तर क्यूएचडी घ्या, २५६० बाय १४४०, पण किंमत वाढते.

मोठ्या स्क्रीनचा फायदा मला वाटला होता त्यापेक्षा वेगळा निघाला. डोळ्यांना आराम तर आहेच. पण मूळ मजकूर एका बाजूला आणि भाषांतर दुसऱ्या बाजूला कायम उघडं राहिलं, त्यामुळे सारखं ऑल्ट-टॅब करून खिडक्या बदलणं बंद झालं. दिवसाला कितीतरी शे वेळा होणारी ती हालचाल एकदम शून्य. डाव्या हाताचं काम वाचवायचं तर ते असंच वाचतं.

मॉनिटर आर्मचं, म्हणजे टेबलाच्या कडेला लावून मॉनिटर धरून ठेवणाऱ्या हलत्या दांड्याचं, मात्र जरा सविस्तर सांगते, कारण त्यात मी अडकले. प्लास्टरचा हात वर ठेवायचा म्हणजे उशी लागते, उशी म्हणजे मागे रेलून बसणं आलं, आणि मागे रेललं की मॉनिटर लांब जातो. म्हणून पुढे ओढता येणारा, गॅस स्प्रिंगवाला आर्म घेतला, अडीच हजाराच्या आसपास. मॉनिटरच्या मागे स्क्रूची चार भोकं असतात, ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चौकोनात, ती आपल्या मॉनिटरला आहेत ना ते बघून घ्यायचं, सगळ्यांना नसतात. ते बघितलं होतं. टेबल नव्हतं बघितलं. आमचं टेबल सुताराकडून करून घेतलेलं, प्लायवर सनमायका, आणि मागच्या कडेला खाली चार इंचांची आडवी पट्टी. आर्मचा क्लॅम्प कडेला खालून पकडतो, पट्टीमुळे तो बसेचना. दुकानाला फोन केला तर मुलगा म्हणाला फोटो पाठवा. फोटो बघून म्हणाला परत आणलात तरी घेतो, पण सुतार असेल तर पट्टीत चार इंचांची खाच मारून घ्या आणि खाली लाकडी ठोकळा द्या, नाहीतर प्लाय दबून सनमायका तडकेल. सुतार आला, वीस मिनिटांत झालं, दीडशे रुपये घेतले. आता एका बोटाने स्क्रीन पुढे येते, मागे जाते, वर होते. सासूबाई दुपारी त्याच खुर्चीत बसून नातीशी व्हिडिओ कॉल करतात, त्यांच्यासाठी खाली करता येते. अपघात नसता झाला तरी घ्यायला हवा होता.

आता बोलून टाइप करणं. मराठीत ते गूगलने २०१७ साली आणलं, फोनच्या कीबोर्डवर बऱ्याच जणांनी वापरलंही असेल. कॉम्प्युटरवर क्रोममध्ये गूगल डॉक्स उघडायचं, टूल्समधून व्हॉइस टायपिंग घ्यायचं, भाषा मराठी निवडायची. मी सुरुवातीला लॅपटॉपच्या माइकवर बोलत होते. पंखा, कुकरची शिट्टी, समोरच्या बिल्डिंगमधलं ड्रिलिंग, सगळं मिसळून भलतंच उमटायचं. तोंडासमोर माइकची दांडी येणारा यूएसबी हेडसेट घेतला, दोन हजारांचा, आणि फरक जमीन-अस्मानाचा. घ्यायचाच असेल तर हाच प्रकार घ्या, कानातले छोटे ब्लूटूथवाले नको.

चुका होतात. विम्याच्या भाषांतरात 'दावा' हा शब्द ओळीआड येतो आणि तो दहातून तीनदा 'डावा' उमटायचा. 'डाव्याची रक्कम नामनिर्देशित व्यक्तीस देण्यात येईल' असं एक वाक्य मी प्रूफमध्ये पकडलं, ते गेलं असतं तर काय झालं असतं या विचाराने दोन दिवस नीट झोप लागली नाही. तेव्हापासून बोलून झालेल्या प्रत्येक फायलीत 'डावा', 'डाव्या' शोधून तपासायचा नियमच केला. सामासिक शब्द तोडून येतात, विमाधारकचं विमा धारक. आणि विरामचिन्हं मराठीत उमटत नाहीत, पूर्णविराम म्हटलं की 'पूर्णविराम' असा शब्दच टाइप होतो. आधी मी ती हाताने टाकत बसायचे. मग लक्षात आलं की शब्द उमटतोय तर उमटू दे, बोलताना पूर्णविराम, स्वल्पविराम म्हणत जायचं आणि शेवटी फाइंड-रिप्लेस करून सगळ्यांची एकदम चिन्हं करायची, शब्दाच्या आधीची मोकळी जागा धरून. स्वल्पविराम कधी जोडून येतो कधी तोडून, दोन्ही रिप्लेस करायचे. या एका युक्तीने पानामागे दहा मिनिटं वाचली माझी.

पण एक गोष्ट सगळ्या भाषांतरकारांनी लक्षात ठेवा. असं बोलून केलेलं काम गूगलच्या सर्व्हरवरून जातं. गुप्ततेचा करार असेल तर क्लायंटला आधी विचारा. मी दोघांनाही विचारलं, एकाने चालेल म्हटलं, दुसऱ्याने नाही म्हटलं, आणि ते काम मी पूर्ण डाव्या हाताने, स्टिकी कीज लावून केलं, आठ दिवसांचं काम सतरा दिवसांत. त्यांना आधीच सांगितलं होतं की हात मोडलाय आणि एवढा वेळ लागेल, ते थांबले. लपवलं असतं तर फार वाईट झालं असतं.

आणखी एक, बोलताना वाक्यं बदलतात. हाताने लिहिताना मी इंग्रजी वाक्य समोर ठेवून त्याच्या मागे मागे जायचे, कर्मणी प्रयोगात अडकायचे. बोलताना श्वास पुरेल एवढंच वाक्य होतं. 'विमाधारकाकडून सूचित केले गेले असल्यास' असं मला बोलताच येईना, 'विमाधारकाने कळवलं असेल तर' हेच तोंडात आलं आणि ते जास्त बरं होतं. हात बरा झाला तरी पहिला खर्डा मी आता बोलूनच करते. घसा बसतो, कोमट पाणी जवळ ठेवावं लागतं, सलग पाऊण तासाच्या वर करू नये.

प्लास्टर गणपतीच्या दोन दिवस आधी निघालं, २५ ऑगस्टला. हात बारीक झालेला, कातडीचे पापुद्रे निघत होते, आणि मनगट कोणाचं तरी दुसऱ्याचं असल्यासारखं कडक. मोदक वळायला बसले तर कळी पाडायला बोटं जवळ येईनात, मुलीने वळले, मी सारण भरून दिलं. फिजिओथेरपी सुरू झाली, गरम पाण्यात हात बुडवून वर-खाली करणं, पुट्टी म्हणजे व्यायामाचा मऊ गोळा दाबणं, ओला टॉवेल पिळणं. सगळ्यात अवघड काय होतं तर तळवा जमिनीकडे करणं. आणि साधा माऊस धरायचा म्हणजे तळवा बरोबर तसाच लागतो. वीस मिनिटांत मनगट भरून यायचं. मग कपाटात पडलेला तो बाराशेचा उभा माऊस काढला. हस्तांदोलनासारखी पकड, हात पिळावा लागत नाही, आणि तो चालला. फिजिओ मॅडमना दाखवायला घेऊन गेले, त्या म्हणाल्या, वापरा, फक्त मनगटावरून नका हलवू, कोपरातून अख्खा हात हलवा. त्या माऊसच्या चाकाला सुरुवातीपासून खरखर आहे आणि क्लिकचा आवाज मोठा आहे, चांगल्या कंपनीचा घेतला असता तर बरं झालं असतं. पण प्लास्टर निघाल्यानंतरच्या पहिल्या महिन्यासाठी उजव्या हाताला उभा माऊस हवाच, हे मी ठामपणे सांगेन.

ज्यांच्याकडे सगळ्याला पैसे नाहीत त्यांनी क्रम काय ठेवावा ते माझ्या मैत्रिणीने विचारलं, तिचा खांदा निखळलाय. मी सांगितलं, आधी स्टिकी कीज आणि माऊसची बटणं उलटी, त्याला रुपया लागत नाही. मग हेडसेट. मग एसएसडी, लॅपटॉप जुना असेल तर. मग ट्रॅकबॉल. मॉनिटर आणि आर्म शेवटी, आणि आर्म घ्यायच्या आधी टेबलाखाली हात घालून बघ पट्टी आहे का.

माझा एकूण खर्च चाळीस हजारांच्या थोडा आतबाहेर झाला. त्यातली एकही वस्तू पडून नाही. सध्या सकाळी उजव्या हाताला उभा माऊस, दुपारी जेवणानंतर डावीकडे ट्रॅकबॉल, दोन्ही लावलेलेच असतात. नंबर पॅड नसलेला छोटा कीबोर्ड तेवढा राहिलाय, म्हणजे उजव्या हाताला माऊसपर्यंत कमी जावं लागेल. दुकानातल्या मुलाने सांगितलंय की देवनागरी अक्षरं छापलेला त्या मापात आला की फोन करतो. मी म्हटलं छापलेला नसला तरी चालेल, मला बघावं लागत नाही, पण कीज जरा हलक्या दाबल्या जाणाऱ्या असू देत.